झोपेचा रकाना

मराठीच्या प्राध्यापकाचा मालवाहतुकीशी संबंध यायचा तो घर बदलण्यापुरता. पुस्तकांची खोकी टेम्पोत चढवताना हमाल कपाळावरचा घाम पुसतो आणि विचारतो, "मास्तर, दगड भरलेत काय यात?" आपण ओशाळे हसायचे आणि त्याच्या हातावर शे-पन्नास जास्त ठेवायचे. एवढाच तो संबंध.

माझाही तेवढाच राहिला असता. पण २०१८ च्या डिसेंबरात आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सहकाऱ्यांनी मला स्टाफरूममध्ये गाठले आणि चहा पाजला. गणितवाल्यांनी स्वतःच्या पैशाने चहा पाजला की समोरच्याने सावध व्हावे. मी झालो नाही.

"तुम्हांला प्रश्न काढता येतात ना?" त्यांनी विचारले.

"वर्षातून दोनदा काढतो. उत्तरे मात्र कोणी देत नाही."

"मग तुम्हीच पाहिजेत," ते म्हणाले.

त्यांच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी एक प्रकल्प घेतला होता. रायगड जिल्ह्यातल्या कोलाड स्टेशनात माल भरलेले ट्रक रेल्वेच्या उघड्या, सपाट वाघिणींवर चढतात आणि तसेच्या तसे, ड्रायव्हर-क्लीनरसकट, गोव्यातल्या वेर्ण्याला जाऊन उतरतात. चाकांवर चढायचे आणि चाकांवर उतरायचे, म्हणून या सेवेला 'रो-रो' म्हणतात. पण शेजारच्या महामार्गावरून त्याच गोव्याकडे जाणारे कितीतरी ट्रक या गाडीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते का, हे मुलांना शोधायचे होते. त्यासाठी ट्रकवाल्यांना प्रश्न विचारायचे, उत्तरे आकड्यांत मांडायची आणि त्यांतून गणिती प्रतिमान तयार करायचे. प्रतिमान म्हणजे मोजमापावरून केलेली कागदावरची छोटी दुनिया. तिच्यात भाडे कमी केले तर काय होईल, गाडी वेळेवर सोडली तर काय होईल, हे आधी करून पाहायचे, म्हणजे खऱ्या दुनियेत पस्तावावे लागत नाही.

"प्रश्नावली तुम्ही लिहा," गणितवाले म्हणाले. "मुलांच्या इंग्रजाळलेल्या मराठीला ड्रायव्हर दाद देत नाहीत."

भाषेच्या अभिमानाला असा हात घातल्यावर माणूस फसतोच. चिपळूणला धाकटी बहीण असते, तिच्याकडेही जाणे होईल, असा विचार करून मी निघालो.

पनवेल सोडून आमची एस. टी. जी धुळीत शिरली ती कोलाडपर्यंत बाहेर आलीच नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण तेव्हा चालू होते. एकीकडे खणलेले, दुसरीकडे भरलेले, मध्ये वळणाचे बाण. त्या बाणांवर विश्वास ठेवून सगळी वाहने कधी डावीकडे, कधी उजवीकडे रांगत होती. आमच्या पुढे ट्रक, मागे ट्रक आणि शेजारीही ट्रक. प्रत्येकाच्या पाठीवर दुसऱ्याला दिलेला उपदेश रंगवलेला.

कोलाड मात्र दृष्ट लागण्यासारखे आहे. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेले पाणी कुंडलिकेतून खळाळत येते, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही नदी भरलेली. भाताची कापणी होऊन खाचरांत वाल टाकलेले. पौष जवळ आला की या मुलखात शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, वर आग आणि भोवती गप्पा. अशा गावात स्टेशनच्या आवारात जावे तर तेथे दुसरेच विश्व. पन्नास गावची माती अंगावर घेतलेले ट्रक रांगेने उभे. कोणी ताडपत्रीच्या दोऱ्या आवळतो आहे, कोणी स्टोव्हवर भात टाकला आहे, कोणी बादलीभर पाण्यात अंघोळ उरकतो आहे.

ट्रक चढवण्याचे काम पाहण्यासारखे असते. आधी वजन आणि उंची पाहतात. कोकण रेल्वेच्या वाटेवर नव्वदाहून जास्त बोगदे आहेत, तेव्हा डोके वर काढणाऱ्याला तेथे प्रवेश नाही. मग गाडीच्या टोकाला असलेल्या उतरणीवरून पहिला ट्रक वर चढतो आणि वाघिणींच्या पाठीवरून पुढे पुढे चालत जातो. दोन वाघिणींमधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकलेले असतात. रुंदी अशी नेमकी, की ड्रायव्हरने इकडेतिकडे पाहिले तर चाक हवेत. पण मंडळी देवळाची पायरी चढावी इतक्या शांतपणे गाडी नेतात. जागेवर पोचल्यावर चाकांना ठोकळे लागतात, साखळ्या आवळल्या जातात, आणि आजवर दुसऱ्यांना वाहून नेणारा ट्रक आयुष्यात प्रथमच स्वतः प्रवासी होतो.

ही कल्पना सुचली कशी, तेही सांगण्यासारखे आहे. कोकणात रेल्वे यावी हे दोन-तीन पिढ्यांचे स्वप्न. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना त्यासाठी स्वतंत्र महामंडळ निघाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. भांडवलात केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा सहा-सहा. बाकीचा बराच पैसा रोखे विकून उभा केला. म्हणजे सरकारने पाट मांडला खरा, पण शिधा बऱ्याच अंशी लोकांकडून आला. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सलग सुरू झाला. पानवलची दरी ६४ मीटर उंचीच्या पुलाने ओलांडली. करबुड्याचा डोंगर साडेसहा किलोमीटर पोखरला. सगळ्या वाटेवर चढ कसा, तर दीडशे मीटर चालावे तेव्हा एक मीटर वर जावे, त्याहून अधिक नाही. शेजारच्या महामार्गावर कशेडी, भोस्ते, परशुराम असे घाट छाताडावर येत असताना रेल्वे मात्र डोंगराच्या पोटातून जवळजवळ सपाट गेली.

प्रवासी उदंड आले. पण रोख्यांचे व्याज काही प्रवाशांच्या तिकिटांवर भागत नाही. त्याला माल लागतो, आणि माल तर शेजारच्या रस्त्यावरून ट्रकने चाललेला! स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला चारपंचमांशाहून अधिक माल रेल्वेने जाई. पुढे रस्ते झाले, ट्रक झाले आणि पारडे उलटे फिरले. कारण उघड आहे. रेल्वे स्टेशनापर्यंत येते, ट्रक दारापर्यंत येतो. रेल्वेला माल द्यायचा म्हणजे गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून वाघिणीत, पुन्हा वाघिणीतून ट्रकमध्ये. तीन वेळा हमाली आणि तीन वेळा फुटतूट. तेव्हा कोकण रेल्वेने विचार केला, की माल वाघिणीत येत नसेल तर मालासकट ट्रकच वाघिणीवर घ्यावा. दारापासून स्टेशनापर्यंत खासगी ट्रकवाला, डोंगरातून सार्वजनिक रेल्वे आणि पुढे दारापर्यंत पुन्हा ट्रकवाला. २६ जानेवारी १९९९ ला कोलाड आणि वेर्ण्यादरम्यान ही सेवा सुरू झाली. पुढे ती कर्नाटकात सुरतकलपर्यंत गेली.

इतकी सोयीची योजना असताना ट्रकवाले रांगा लावून का येत नाहीत? हे विचारायला मी माझी प्रश्नावली घेऊन उभा राहिलो.

पहिला प्रश्न मी मोठ्या हौसेने लिहिला होता : 'आपण वाहतुकीचे सदर माध्यम निवडण्यामागील प्रमुख प्रयोजन कोणते?' पहिल्याच ड्रायव्हरने तो दोनदा ऐकला आणि क्लीनरला म्हणाला, "बाळ्या, साहेबांना कागदपत्रं दाखव रे." त्याला मी आर. टी. ओ.चा माणूस वाटलो. दुसऱ्याने मालाचे वजन विचारताच स्टोव्ह बंद केला आणि तो नदीवर निघून गेला. तिसरा म्हणाला, सिमेंट आहे. ताडपत्रीखालून तर कांद्याचा वास येत होता.

संध्याकाळी मी सगळे प्रश्न खोडले आणि नवे लिहिले. 'कुठून निघालात? कुठे जायचं? परतीचं भाडं मिळतं का? गाडीसाठी थांबावं लागतं का? किती?' या मराठीला उत्तरे मिळू लागली, आणि हळूहळू चित्र दिसू लागले.

रेल्वेला पुरेसे ट्रक जमल्याशिवाय गाडी सोडणे परवडत नाही. अर्धी रिकामी गाडी ओढायलाही इंजिन तेवढेच लागते. ट्रकवाल्याला मात्र गाडी कधी सुटणार हे आधी कळल्याशिवाय येणे परवडत नाही. त्याच्या शेठने पलीकडच्या कारखान्याला शब्द दिलेला असतो. रेल्वे म्हणते, तुम्ही या म्हणजे आम्ही सोडू. ट्रकवाले म्हणतात, तुम्ही सोडा म्हणजे आम्ही येऊ.

"ही तर लग्नातली पंगत झाली," मी गणितवाल्यांना म्हणालो. "पंगत भरल्याशिवाय वाढप नाही, आणि वाढप दिसल्याशिवाय कोणी पाटावर बसत नाही. भुकेलेला पाहुणा कंटाळून कोपऱ्यावरच्या टपरीवर वडापाव खातो."

गणितवाल्यांनी वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतले, 'पंगत'. मग त्यांनी मुलांना फळ्यावर नव्हे, ट्रकच्या धुळकट फाळक्यावर बोटाने रेघा ओढून समजावले. "समजा, रेल्वेने डिझेल वाचते, टायर वाचतात, टोल वाचतो. पण थांबण्यात जाणारा प्रत्येक तास त्या बचतीतून वजा होतो. एका ठरावीक तासाला बचत शून्य होते. त्याच्या पुढे शहाणा शेठ ट्रकला सांगतो, रस्त्याने ये. आणि तो एक ट्रक गेला, की बाकीच्यांचे थांबणे आणखी लांबते." एकाचे निघून जाणे दुसऱ्याच्या खर्चात पडते, हे त्या धुळीतल्या रेघांवरून मलाही कळले. दोघांनी आपले वेळापत्रक एकमेकांना आधी सांगितले तरच हा तिढा सुटेल. पण रेल्वेला ट्रकवाल्याच्या मालाची खबर नाही, आणि ट्रकवाला ती कोणाला देत नाही, कारण शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याला ती कळेल अशी त्याला भीती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला मामा भेटले. सगळेच त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हणालो. कऱ्हाडकडचे, पंचावन्नच्या पुढचे, तीस वर्षे स्टिअरिंग धरलेले. त्यांनी माझा कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि सगळा वाचून काढला. मग म्हणाले, "सर, पैशाचं हाय, येळेचं हाय, मालाचं हाय. झोपंचा रकाना कुठाय?"

"झोपेचा?"

"व्हय. ह्या गाडीवर माणूस झोपतो. दुसरं काय सुद्धा नको मला."

मग त्यांनी सांगितले, तेही स्टोव्हवरच्या चहाकडे बघत, माझ्याकडे न बघता. धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली क्लीनर होता. पुढे ड्रायव्हर झाला. एकदा दोन रात्रींचे जागरण करून कोकणातला घाट उतरत होता. पहाटे चारची वेळ. "ब्रेक फेल न्हाई, पाऊस न्हाई, समोर गाडी न्हाई. नुसता डोळा लागला." पंचनाम्यात लिहिले, 'चालकाचा निष्काळजीपणा'. मामांना तो शब्द इतक्या वर्षांनीही पाठ होता. "निष्काळजी न्हवता ओ सर. दमला हुता."

मी मराठी शिकवतो. एका शब्दाने एका माणसावर असा अन्याय होतो, हे मला कोणत्या व्याकरणात सापडणार होते?

साडेतीन वाजले. गाडी सुटायला अजून काही ट्रक कमी होते. मामांचा फोन वाजला. पलीकडून शेठ बोलत होते, आणि आवाज आम्हांला ऐकू येईल इतका मोठा होता. किती वेळ बसून राहणार, सकाळी माल खाली झाला पाहिजे, काढ गाडी रस्त्याने. मामा "व्हय शेठ, बघतो शेठ" करत राहिले. मग एकाएकी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "कॉलेजचे सर हायत. त्यास्नी इचारा."

माझ्या हाताला घाम फुटला. कोणाच्या धंद्यात बोलण्याचा मला काय अधिकार? पण मामा माझ्याकडे पाहत होते. मी शेठना नमस्कार केला, कोण ते सांगितले आणि म्हटले, "शेठ, मामा कालपासून जागे आहेत. रस्त्याने सगळी रात्र जागावे लागेल. गाडी दोन तासांत सुटली तर रात्रभर झोपतील आणि सकाळी ताजे उतरतील."

शेठ वाईट माणूस नव्हते. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "सर, तुमचं खरं आहे. पण उशीर झाला तर कारखानावाला माझे पैसे कापतो. रेल्वे कापून देत नाही. मामांच्या झोपेचं भाडं मी कोणाकडून घेऊ?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, "पाच वाजेपर्यंत वाट बघू या?"

"पाच. त्याच्या पुढे एक मिनिट नाही," शेठ म्हणाले.

त्यानंतरचा तास मी जन्मात विसरणार नाही. परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसे आम्ही सगळे, मुले, गणितवाले आणि मी, आवाराच्या फाटकाकडे डोळे लावून बसलो. महामार्गावर ट्रक जात होते. प्रत्येक ट्रक कोपऱ्यावर हळू झाला की आमच्या आशा पालवत, आणि तो सरळ निघून गेला की कोमेजत. मामा तेवढे शांत होते. त्यांनी ताडपत्रीच्या दोऱ्या पुन्हा तपासल्या, टायर वाजवून पाहिले. रस्त्याने जायची तयारी करत होते ते. शेवटी साडेचारच्या सुमाराला एका मागोमाग एक काही ट्रक आत वळले. भिवंडीकडून एकत्र निघालेले, वाटेत वाहतुकीत अडकलेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रेल्वेच्या बाबूंनी शिक्का मारला. मामांचा ट्रक पत्र्यांवरून खडखडत वर चढला.

मी मुलांकडून सगळे कागद मागवून घेतले आणि प्रत्येकावर हाताने एक ओळ वाढवली : 'मागची झोप कधी झाली?'

संध्याकाळच्या पॅसेंजरने मी चिपळूणला निघालो. वीर गेले, सावित्रीचे खोरे आले. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा महामार्गाचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. बसगाड्या अंधारात नदीत गेल्या, त्याची आठवण डब्यातल्या कोणीतरी काढली. सगळे थोडा वेळ गप्प झाले. मग बोगदे सुरू झाले.

कोकण रेल्वेचा मार्ग बहुतेक एकेरी. कोणाला तरी बाजूला उभे राहून दुसऱ्याला वाट द्यावीच लागते. खेडच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनात आमची गाडी हळू झाली. शेजारच्या रुळावर आम्हांला वाट देत रो-रो उभी होती. फलाटाच्या फिकट दिव्यात एकामागून एक ट्रक माझ्या खिडकीवरून सरकत होते. कोणाच्या केबिनमध्ये बिडीचा ठिपका, कुठे मोबाइलवर गाणे, कुठे पत्त्यांचा डाव. आणि मग मामांची ओळखीची ताडपत्री आली. क्लीनरचे पाय खिडकीतून बाहेर आलेले. मामा सीटमागच्या फळीवर, तोंडावर टॉवेल घेऊन, गाढ झोपलेले. स्टिअरिंग मोकळे. ड्रायव्हर झोपलेला आणि मालट्रक गोव्याकडे निघालेला! रस्त्यावर हेच दृश्य दिसते तर काळजात धस्स झाले असते. येथे मात्र ते पाहून माझ्याच डोळ्यांवर गुंगी आली.

आमचा अहवाल पूर्ण झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पंगतीच्या गणिताचे कौतुक केले आणि झोपेच्या रकान्यापुढे पेन्सिलीने लिहिले, 'हे रुपयांत कसे मांडणार?' गणितवाले चिडले. मला मात्र तो शेठचाच प्रश्न वाटला, आणि प्रश्न खोटा नव्हता. जे रुपयांत मांडले जात नाही ते कोणाच्याच हिशेबात येत नाही. रेल्वेच्या वहीत ट्रक असतो, शेठच्या वहीत माल असतो. त्या दोन वह्यांमधल्या फटीत मामा असतात, आणि तेथे पत्रा टाकायचे कोणाला सुचत नाही. सरकारने आणि धंदेवाल्यांनी मिळून योजना आखावी, असे सगळेच म्हणतात. आखावीच. पण बैठकीत तिसरी खुर्ची मांडावी आणि तिच्यावर बसणाऱ्याला चहा देऊन विचारावे, मागची झोप कधी झाली?

त्यानंतर पुष्कळ पाणी कुंडलिकेतून वाहून गेले. २०२२ साली कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर वीज आली. २०२५ च्या गणपतीत तर कोलाडहून वेर्ण्याला घरगुती मोटारीही रेल्वेवर चढवून नेण्याची सोय निघाली. एका खेपेला ४० मोटारींची जागा, आणि किमान १६ जमल्या नाहीत तर खेप रद्द. ती बातमी वाचताच गणितवाल्यांचा फोन आला. "वाचलंत का? पुन्हा तुमची पंगत!"

"या वेळी तरी पाहुणे वेळेवर यायला पाहिजेत," मी म्हणालो.

मामांनी माझा नंबर घेऊन ठेवला होता. २०१९ च्या आंब्याच्या हंगामात एकदा त्यांचा फोन आला. शेठने गाडी रस्त्यानेच पाठवली होती, आंबा थांबत नाही म्हणून. घाटाच्या पायथ्याशी धाब्यावर गाडी लावून दोन तास पडणार होते.

"शेठना सांगितलंत?" मी विचारले.

"सांगितलं की. म्हणलं, सरांच्या कागदावर रकाना हाय." ते हसले. "शेठ म्हणाले, बरं, दोन तास पड."

मी दिवा मालवला आणि अंथरुणावर पडलो. घाटाखाली मामा झोपले असतील, या विचाराने मलाही त्या रात्री लवकर झोप लागली.